वीस न्हाणी

तीन हजार दोनशे पन्नास.
पतपेढीत रोज दुसऱ्यांची कर्जं तपासणारी मी
पणजीच्या त्या गारगार दुकानातून
एक प्रश्नही न विचारता पैसे मोजून बाहेर आले.
बाटली काळी, जड, आतलं दिसू न देणारी,
वर सोनेरी अक्षरं: मुळापासून टोकापर्यंत बळ.

बांदा येईस्तोवर बसमध्ये हिशेब झाला.
अडीचशे मिली. मिलीला तेरा.
पंप एकदा दाबला की दोन मिली, म्हणजे सव्वीस रुपये.
खांद्यापर्यंतच्या केसांना दोनदा दाबला की पुरे, म्हणाली होती ती मुलगी.
माझी वेणी गुडघ्याच्या वीतभर वर थांबते.
मला सहा.
एकशे छप्पन्न रुपयांचं एक न्हाणं,
अशी वीस,
आणि तळाला चिकटलेलं थोडं.

ज्युलियानाचं भरडावर पार्लर आहे.
बाटली हुंगून ती हसली.
"मीसुद्धा विकते असल्या, म्हणून सांगते.
डोक्याबाहेर आला की केस मेला.
मेलेल्याला बळ कसलं, नुसता कोट चढतो."
मग माझं टोक बोटांत धरून म्हणाली,
"हे तर आठ वर्षांचं असेल."

आठ वर्षं.
घरी आरशापाशी वेणी सोडून मोजत बसले.
मुळाशी यंदाची गणपतीची रजा.
पाठीच्या मध्यावर टायफॉइड, तिथे पेड बारीक.
कमरेखाली चार बोटांवर ते वादळ,
ज्यात आमचे पत्रे उडून मांजरेकरांच्या परड्यात पडले.
आणि अगदी खाली, फाटे फुटलेल्या जागी,
कुडाळची शाखा, रोजची साडेसातची एसटी,
मी तेव्हा हसायचे जरा जास्त.
एवढ्या जुन्या मालाला
कोण कर्ज देईल?

सासरे पडवीत जाळं सांधत होते.
रापणीवर उभा जन्म गेला त्यांचा.
त्यांना सगळं ऐकू जातं, किमतीसकट.
"आमची सुती जाळी ऐनाच्या सालीच्या पाण्यात बुडवू.
सूत काय जिता नसता गो.
सालीन ताका जीव येय नाय.
कुसाक उशीर होय, इतक्याच."
सुई दोनदा फिरली.
"साल पण फुकट गावा."

खोटं कशाला बोलू, पहिल्या न्हाण्याला
फणी वरून निघाली ती सरळ खाली आली.
आचऱ्याच्या लग्नात तिघींनी हात लावून पाहिला.
बाराव्या न्हाण्यानंतर मी काटकसर केली:
एकदा बाटली, एकदा बाजारातली एकशे चाळीसची ट्यूब.
कुणाला कळलं नाही.
एका शनिवारी तर माझ्याही लक्षात राहिलं नाही
आज कुठल्याची पाळी होती.

पण एक झालं.
सव्वीसचे सहा डोक्यावर ओतून
ओल्या केसांचा अंबाडा हेल्मेटात कोंबायचा
धीर होईना.
टॉवेलने झोडपायची सवय सुटली, जुनं धोतर घेतलं.
मे महिन्यात विहीर मचूळ झाली
तेव्हा शेवटचा तांब्या टँकरच्या पाण्याचा.
पंखा नको म्हणून खिडकीत बसले,
समुद्राकडे पाठ करून, अर्धा अर्धा तास,
पतपेढीत उशिरा पोचले, दोन लेट मार्क पडले.
आठ वर्षांत केसांना एवढं कुणी सांभाळलं नव्हतं,
मीही नाही.
तेच त्या ट्यूबवर केलं असतं तर?
केलं नसतं.
एकशे चाळीसचा धाक वाटत नाही.

दसऱ्याआधी बाटली संपली.
ज्युलियानाकडे जाऊन चार बोटं कापली:
कुडाळ गेलं, थोडं हसू गेलं,
वादळ अजून आहे.

बाटली टाकवेना. सासऱ्यांनी मागितली.
आता होडीच्या इंजिनाचं तेल तिच्यात असतं,
एक दाब, नेमके दोन मिली, ना सांडणं ना ओघळणं.
काल म्हणाले,
"वस्तू बरी घेतलंस हां."